भंडारदऱ्याच्या काठावर एक रात्र: पहिल्यांदाच गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एकवीस जणांना घेऊन मी पहिल्यांदा भंडारदऱ्याला गेले, तेव्हा माझ्या कागदावर दोन दिवसांत सहा ठिकाणं होती. धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं देऊळ, सांधण दरी, घाटघरचा कडा आणि पहाटे उठून कळसूबाई. त्यातली चार आम्ही केली, म्हणजे गाडीतून उतरलो, फोटो काढले आणि परत चढलो. ज्या पाण्याकाठी राहायला गेलो होतो तिथे पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. तंबू टॉर्चच्या उजेडात लागले, जेवायला अकरा वाजले. गटात एक मावशी होत्या, गुडघ्याचा त्रास असलेल्या. परतताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "तलाव राहिलाच गं बघायचा."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर बरेच गट नेले, पण कागदावर आता एकच गोष्ट असते, पाण्याकाठची संध्याकाळ आणि पाण्याकाठची सकाळ. बाकी सगळं वेळ आणि ताकद उरली तर. आणि प्रत्येक बेत गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलाने मोजायचा. खाली जे लिहिते आहे ते या दोन गोष्टी धरूनच.

आधी जागा समजून घ्या

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, अकोले तालुक्यात आहे. मुंबईहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाचं आणि बाजाराचं गाव म्हणजे शेंडी. एसटीची पाटी किंवा जीपवाल्याची हाक 'शेंडी' अशी आली तर गोंधळू नका, आपल्याला तिथेच उतरायचं आहे.

ज्याला आपण तलाव म्हणतो तो प्रवरा नदीवरच्या धरणाचा जलाशय. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. जलाशयाला जुनी माणसं अजून आर्थर लेक म्हणतात. भिंत दगडी बांधणीची, ८० मीटरहून उंच. ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट, पाणी मावतं. हे पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांना जातं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागचा ऊस याच पाण्यावर वाढलेला.

हे सांगायचं कारण असं की, शेतीचं धरण असल्यामुळे काठ एका जागी राहत नाही. ऑक्टोबरात पाणी झाडांच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. मग शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटत जातात तसं ते मागे सरकतं, आणि एप्रिलमध्ये त्याच जागी भेगाळलेली जमीन आणि पुढे गाळ दिसतो. मोबाईलवर पाहिलेला तंबूचा फोटो कोणत्या महिन्यातला आहे, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणखी एक गोष्ट गटातल्या मुलांना निघायच्या आधी जरूर सांगा. हा मुलूख महादेव कोळी आदिवासींचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. आपली गाडी ठाण्यातूनच निघते. मुलांना हे कळलं की रस्त्याकडे बघायची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

महिना ठरवा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबरचा मधला आठवडा ते फेब्रुवारीअखेर या काळातच जावं, असं मी ठामपणे सांगते. आकाश स्वच्छ असतं, जमीन कोरडी असते, रस्ते बरे असतात. थंडी मात्र मुंबईच्या हिशेबाने धरू नका. पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा आणि अमावास्येजवळचा शनिवार धरा. चंद्र नसलेल्या रात्री मृग, व्याध, कृत्तिका इतक्या ठळक दिसतात की मुलुंडच्या गच्चीवरून आपण काय पाहत होतो असं वाटतं. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, तो जमला तर उत्तम.

पावसाळ्यात तंबू नको. रतनवाडी-घाटघर हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. धबधबे पाहायचे असतील तर पक्क्या खोलीत राहा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान जलाशयाजवळच आहे. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो, म्हणून तेही नवख्या गटाला नको.

मेअखेर ते पहिला पाऊस या दिवसांत काजव्यांसाठी झुंबड उडते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आपण टॉर्च मारला, गाडीचे दिवे रोखले किंवा फ्लॅश उडवला की ती साद बुडते आणि मीलन होत नाही. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि त्या दिवसांत वनखातं प्रवेशाच्या वेळा ठरवून देतं. वीस माणसांचा गट अंधारात, न बोलता, दिव्याशिवाय उभा राहू शकेल अशी खात्री असेल तरच जा. नसेल तर चारपाच जणांनीच जाणं बरं.

पहिली बैठक: माणसं आणि पैसे

महिनाभर आधी सगळ्यांना एकत्र बसवा. मोबाईलवरच्या गटात 'हो हो' म्हणणारे तीस असतात, आगाऊ रक्कम भरणारे अठरा. ज्याने पैसे भरले तो आला, एवढा साधा नियम ठेवा. परत न मिळणारी रक्कम किती, ती किती तारखेनंतर, हे आधीच सांगून टाका म्हणजे शेजारपाजारच्या नात्यात पुढे कडवटपणा येत नाही.

पहिल्या खेपेला पंधरा ते वीस माणसं पुरे. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील इतकीच. दोन गाड्या झाल्या की एक पुढे जाते, एक चहाला थांबते आणि दिवस फोनाफोनीत जातो.

या बैठकीत प्रत्येकाला वेगळं विचारायच्या गोष्टी आहेत. कोणाला मधुमेह, रक्तदाब, दमा, कोणाला मधमाशीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी, कोण जमिनीवरून उठू शकत नाही, कोणाला रात्री दोनदा उठावं लागतं. हे सगळ्यांसमोर विचारू नका. आमच्याकडे एक काका प्रत्येक वेळी "मला काही होत नाही" म्हणत. वेगळं विचारल्यावर कळलं की त्यांना रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागतं आणि तंबूत वीज नसेल म्हणून ते टाळत होते. त्यांच्यासाठी जवळच एक खोली घेतली आणि ते आले. सगळ्यांनी तंबूतच झोपलं पाहिजे असं कुठे आहे?

कामं चार माणसांत वाटा. एक हिशेब ठेवणारा. एक जेवणाचं बघणारा. एक औषधांची पिशवी सांभाळणारा, आणि ती पिशवी कायम त्याच्याच हातात. चौथा माणूस सर्वांत महत्त्वाचा, शेवटी चालणारा. त्याच्या मागे गटातलं कोणीही राहायचं नाही. हे काम तरुण आणि धीराच्या माणसाला द्या.

तंबूची जागा ठरवताना

जलाशयाच्या भोवती गावकऱ्यांनी आपापल्या जमिनीवर तंबूची सोय केली आहे. स्वतःचा तंबू घेऊन दिसेल तिथे ठोकायचा विचार नवख्यांनी करू नये. एक तर अभयारण्याची हद्द कुठे लागते ते आपल्याला कळत नाही, आणि दुसरं म्हणजे रात्री काही झालं तर हाकेच्या अंतरावर त्या गावचा माणूस असणं हीच खरी सुरक्षितता आहे.

फोनवर दर विचारण्याआधी हे विचारा. संडास किती आणि त्यात पाणी असतं का? दहा माणसांमागे एक तरी हवा, आणि बायकांना कपडे बदलायला बंद जागा. तंबूत किती जण झोपवता? तिघांचा म्हणून विकला जाणारा तंबू दोन माणसं आणि त्यांच्या पिशव्या यांच्यासाठी असतो. गादी आणि पांघरूण देता की नुसती चटई? तंबूपासून पाणी किती पावलांवर? तिथपर्यंत गाडी येते का, नसेल तर सामान घेऊन किती चालायचं? त्या रात्री आणखी किती गट आहेत आणि गाणी लावता का?

शेवटचा प्रश्न मी आवर्जून विचारते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम सगळीकडे लागू आहे, आणि इथे तर जंगल आहे. "दहानंतर शांत असतं ताई, आमची पोरं झोपतात," असं उत्तर मिळालं की समजा, माणूस चांगला आहे.

गच्चीवरची तालीम

जायच्या आधीच्या रविवारी एक तंबू कोणाकडून तरी मागून आणा आणि सोसायटीच्या गच्चीवर उभा करा. गच्चीत खुंट्या ठोकता येणार नाहीत, दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधा. मुलांना आत झोपवून पाहा, मोठ्यांना चेन उघडून बाहेर यायला सांगा. ज्यांना रांगत बाहेर येणं जमत नाही ते इथेच कळतं आणि त्यांची सोय वेळेत बदलता येते. आमच्या इमारतीत या तालमीलाच अर्धी सहल झाल्यासारखं वाटतं.

प्रत्येकाने काय आणायचं याची यादी लहानच ठेवा. कानटोपी, स्वेटर, जाड मोजे, झोपताना घालायचे वेगळे कोरडे कपडे, पुढून बंद बूट, स्वतःचा टॉर्च, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, रोजची औषधं. मुंबईच्या लोहार चाळीत चार्जिंगचे छोटे दिवे स्वस्त मिळतात, त्यातले चार गटासाठी घ्या आणि एक रात्रभर संडासाच्या वाटेवर लावून ठेवा. जुनी वर्तमानपत्रं एक गठ्ठा. गादीखाली जाड थर दिला की जमिनीचा गारठा वर येत नाही. रोख रक्कम विसरू नका, काठावर मोबाईलची रेंज येते-जाते आणि पैसे पाठवायला गेलं की नेमकी नसते.

जाणं

गाडीने जायचं तर शनिवारी पहाटे साडेपाचला ठाणे सोडा. जुना रस्ता भिवंडी, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा घाट, इगतपुरी, घोटी असा. आता समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आल्यामुळे कसारा घाट टाळून इगतपुरीच्या बाजूला उतरता येतं. त्या रस्त्यावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून गटातली तरुण मुलं मोटारसायकलवर येणार असतील तर त्यांची वाट घाटातूनच. घोटीहून वळलं की शेंडी साधारण ३५ किलोमीटर. वाटेत बारी गाव लागतं, कळसूबाईचा पायथा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. गाडी दोन मिनिटं थांबवा, वर बघा, नमस्कार करा. चढायला वेगळी सहल ठेवा. लोखंडी शिड्यांचा तो चढ आणि तंबूची रात्र एकाच शनिवार-रविवारात घातली की दोन्ही हातची जातात.

रेल्वेने गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कसारा लोकल अडीच तास घेते, पुढे जीप. इगतपुरीला थांबणारी लांब पल्ल्याची गाडी मिळाली तर म्हाताऱ्या माणसांना ती सोयीची, कारण इगतपुरीहून घोटी अगदी जवळ. जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि लक्षात घ्या, गॅसची शेगडी, सिलिंडर, रॉकेल रेल्वेतून नेता येत नाही, तो गुन्हा आहे. स्वयंपाकाचं सामान न्यायचं असेल तर गाडीच करा.

घोटी हा शेवटचा मोठा बाजार. भाजी, दूध, डिझेल, औषधं सगळं इथे घ्या. भाताची पेठ म्हणून घोटीचं नाव आहे, इंद्रायणी तांदूळ इथूनच उचला.

जेवणाचं गणित

मुक्कामाच्या ठिकाणी जेवण मिळत असेल तर पहिल्या वेळी तेच घ्या. पण गटातल्या बायकांना आणि, सुदैवाने, हल्ली पुरुषांनाही तिथे एक तरी जेवण स्वतः रांधायचं असतं. त्यात मौज आहे, फक्त माप हवं.

वीस माणसांसाठी एका वेळेला दोन किलो तांदूळ. पिठल्याला एक किलो बेसन. सकाळच्या पोह्यांना दोन किलो पोहे, दोन किलो कांदे, अर्धा किलो शेंगदाणे. एका वेळच्या चहाला दोन लिटर दूध, आणि थंडीत चहा चार वेळा होतो हे धरून चाला. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, म्हणजे दोन दिवसांचे १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार. जलाशयाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही.

भाकरी मात्र स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. उघड्यावर वाऱ्यात चूल धरत नाही आणि वीस जणांच्या साठ भाकऱ्या होईपर्यंत पिठलं गार होतं. दुपारीच मुक्कामाच्या घरच्या मावशींना सांगून ठेवा. नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकऱ्या, सोबत ठेचा. त्यांच्या चुलीपाशी बसायची परवानगी मिळाली तर बसा आणि बियाण्यांबद्दल विचारा. हा तालुका बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा आहे. कोंभाळण्याच्या या बाईंनी देशी बियाणं जपलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. काळभात या इथल्या जुन्या भाताच्या वाणाबद्दल घरातल्या म्हातारीला विचारलंत तर तास कसा जातो कळत नाही. मला तरी कुठल्याही ठिकाणापेक्षा हा तास जास्त मोलाचा वाटतो.

मांसाहारी आणि शाकाहारी भांडी वेगळी ठेवायची असतील तर ते बैठकीतच ठरवा. जंगलातून लाकूड तोडायचं नाही, पडलेलंही उचलायचं नाही. शेकोटीसाठी मुक्कामाच्या मालकाकडून सरपण विकत घ्या, त्याने आखून दिलेल्या जागीच पेटवा आणि झोपण्याआधी पाणी ओतून हाताने चाचपून बघा.

तंबू लावताना

तीनच्या आत काठावर पोहोचा. उजेडात जागा पायाने चालून बघा. झाडाच्या वाळक्या फांदीखाली नको. कोरड्या ओहोळात नको. पाण्याच्या अगदी कडेला नको, किमान शंभर पावलं मागे. उतार असेल तर डोकं चढाकडे येईल असा तंबू फिरवा आणि दार वाऱ्याकडे पाठ करून ठेवा. खुंटी तंबूपासून बाहेर झुकलेली, तिरपी ठोकायची, सरळ ठोकलेली वाऱ्याच्या एका झटक्यात निघते.

वरची जाळीची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका. आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे ते अंगावर ठिबकतं. आणि एक गोष्ट प्रत्येक तंबूत जाऊन, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून सांगा, कोळशाची शेगडी किंवा निखारे आत घ्यायचे नाहीत. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

तंबूची चेन दिवसरात्र बंद. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही इतका दंश सूक्ष्म असतो. बूट आत घ्या, सकाळी उलटे करून झटका. सर्पदंश झाला तर जखम कापायची नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, अंगारा-मंत्रात वेळ घालवायचा नाही. माणसाला झोपवून तो अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. लाल विंचवाचा दंशही हलका समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून असंख्य जीव वाचले आहेत, पण त्यासाठी माणूस वेळेत डॉक्टरपुढे पोहोचायला हवा. गाडीचा चालक रात्री पूर्ण शुद्धीत आणि जवळपास असला पाहिजे, ही अट गाडी ठरवतानाच घाला.

पाण्यात उतरायचं नाही

यावर मी वाद घालत नाही. निघायच्या आधी गाडीत उभं राहून सांगते आणि काठावर पुन्हा सांगते.

आमच्या गटात एक मुलगा होता, शाळेपासून पोहणारा, स्पर्धांत उतरलेला. "गुडघ्यापर्यंतच जातो" म्हणून गेला. तिसऱ्या पावलाला पाय गाळात रुतला, तो सोडवायला दुसरा टाकला, तोही रुतला. पाणी कमरेला आलं आणि थंडीने त्याला धाप लागली. जवळ मुक्कामाच्या घरचे दादा होते, त्यांनी तंबूची दोरी फेकली आणि चौघांनी ओढून काढलं. मिनिटभराची गोष्ट. त्या मुलाची आई काठावर बसून होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पोहण्याच्या तलावाला तळ असतो, कठडा असतो. इथे दरी बुडलेली आहे. काठापासून चार पावलांवर ती कुठे खाली जाते ते वरून दिसत नाही.

नावेत बसायचं असेल तर जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, पट्टे बांधलेले. जॅकेट कमी असतील तर फेऱ्या वाढवा. दारू प्यायलेला माणूस पाण्याच्या दिशेने जाणार नाही, याची जबाबदारी नावानिशी एकाला द्या. माझ्या गटांत दारू नसतेच.

साबण लावून भांडी किंवा अंग जलाशयात धुऊ नका. खालच्या गावांचं ते पाणी आहे.

संध्याकाळ, रात्र, सकाळ

इथे करायचं काहीच नाही. साडेपाचला सगळ्यांना काठावर आणा, खुर्च्या मांडा, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना आधी बसवा. समोर रतनगडाच्या बाजूचे डोंगर निळे होत जातात, मग काळे. मोबाईल एका पिशवीत गोळा करता आले तर बघा. जेवण साडेआठला. नंतर शेकोटीपाशी भेंड्या, भजन, गप्पा, आवाज बेताचा. दहा वाजता शेकोटी विझवा आणि मग पंधरा मिनिटं सगळे दिवे बंद करून बसा. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि मुलं एकदम गप्प होतात.

सकाळी सहाला उठलेल्यांना पाण्यावर धुकं दिसतं. बाकीच्यांना उठवू नका, त्यांची झोपही सहलच आहे.

नाश्ता करून एकच ठिकाण पाहा आणि माझं मत विचाराल तर ते रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ असावं. जलाशयाला वळसा घालून गाडी थेट देवळापर्यंत जाते, गुडघेदुखीवाल्यांनाही चालावं लागत नाही. शिलाहारांच्या काळातलं हे दगडी मंदिर, कोरीव खांब, शिखरावरची नक्षी, आणि जवळ पुष्करणी. तिच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि कोनाड्यांत मूर्ती. मागे रतनगड उभा, जिथे प्रवरा उगम पावते. नदी जिथे सुरू होते आणि जिथे अडवली गेली, ती दोन्ही टोकं अशी एका सकाळीत पाहून होतात. पुष्करणीत पाय सोडून बसू नका, तिथल्या लोकांची ती श्रद्धेची जागा आहे. गडावर चढायचा हट्ट कोणी धरला तर पुढच्या खेपेचं वचन द्या. सांधण दरीचंही तेच. ती जागा दोरी-दगडाची सवय असलेल्यांची आहे. रंधा आणि अंब्रेला धबधबा पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सुटलेलं असताना पाहायचे, डिसेंबरात त्यासाठी वाट वाकडी करू नका.

परत फिरताना

अकरापर्यंत तंबू उतरवा. गटाने एका ओळीत उभं राहून मुक्कामाची जागा चालून काढा. चॉकलेटचे कागद, बाटलीची झाकणं, मुलांच्या क्लिपा, सगळं पिशवीत. कचरा शेंडीत टाकू नका, गाडीत घालून मुंबईला आणा. शेंडीत तो उचलून न्यायला आपल्यासारखी घंटागाडी रोज दारात येत नाही. मुक्कामाच्या घरी पैसे रोख आणि पूर्ण द्या, भाकऱ्यांचे वेगळे, थेट मावशींच्या हातात.

दुपारी जेवून एकच्या सुमाराला निघालात तर उजेडात ठाण्याला पोहोचता. चारनंतर निघाल तर आसनगाव, भिवंडी वळणरस्ता आणि माजिवडा इथे रविवारची गर्दी ठरलेली, आणि थकलेला चालक अंधारात चालवतो आहे हे मला कधीच मान्य नाही.

हिशेबाचा कागद सोमवारी रात्रीपर्यंत सगळ्यांना पाठवा, उरलेले पैसे परत करा. तंबू भाड्याचे किंवा मागून आणलेले असतील तर ते तसेच घडी करून देऊ नका, दवाने भिजलेल्या कापडाला दोन दिवसांत बुरशी धरते. गच्चीवर दोरी बांधा आणि उन्हात वाळवा. आमच्याकडे त्या वेळी गुडघेदुखीवाल्या मावशी खुर्ची घेऊन वर येतात, तंबूच्या खुंट्यांची माती ब्रशने झाडतात आणि पुढच्या वर्षीची अमावास्या कधी आहे ते विचारतात.